वरात वरून कशी दिसावी

युद्धाला नीती लागते. नीती नसेल तर ती नुसती मारामारी होते, आणि मारामारी हे अडाणी लोकांचं काम आहे.

जुन्या काळी माणसाला मारायचं तर जवळ जावं लागायचं. किती गलिच्छ प्रकार बघा. समोरच्याचं तोंड दिसायचं. राग यायचा. कधीकधी दयाही यायची. म्हणजे एकूण कारभार भावनेच्या भरात. ड्रोन आलं आणि ही घाण साफ झाली. आता मारणारा सात समुद्रांपलीकडे गार खोलीत बसतो. त्याचा नाश्ता झालेला असतो. शेजारी वकील असतो. (मरणाऱ्याला वकील मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण एकूण प्रकरणात एक वकील हजर होता, हे कुणालाही नाकारता येणार नाही.) त्या माणसाचा तुमच्यावर काडीचाही राग नसतो. ज्याचा आपल्यावर राग नाही त्याच्या हातून मरण येणं, याहून स्वच्छ व्यवहार जगात दुसरा नाही.

वझिरिस्तानातल्या तोरकमर गावात ही गोष्ट सगळ्यात आधी कळली ती मीरबाद खानला.

मीरबादने तहसील कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी केली होती. रिटायर झाला तेव्हा कचेरीचा गोल शिक्का चुकून त्याच्या खिशात राहिला. शाईचा डबाही चुकून राहिला. त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. एका संध्याकाळी तो अंगणात रेडिओ ऐकत होता आणि रेडिओवर कुणी बडा साहेब सांगत होता, की आमचं यंत्र फक्त गुन्हेगारालाच मारतं. ते वरून माणसाचं वागणं बघतं. दिवसच्या दिवस बघतं. खात्री पटली तरच मारतं.

मीरबादने रेडिओ बंद केला.

"आत्या," तो म्हणाला, "सुटला प्रश्न."

बखमला आत्या म्हणजे त्याच्या बापाची बहीण. वय विचारू नका, तिलाही माहीत नाही. ती ओसरीवर मका सोलत होती. "कुठला रे?"

"ते निरपराध माणसाला मारत नाहीत. मग आपण निरपराध दिसायचं. झालं!"

"मेल्या, आपण आहोतच की निरपराध."

"आहोत गं. दिसत नाही."

आत्याने वर बघितलं. वर भुणभुणी होती. गावात त्या यंत्राला भुणभुणी म्हणत, कारण ते दिवसभर गांधीलमाशीसारखं भुणभुणायचं. दिसायचं कधीमधी, ऐकू मात्र रोज यायचं. आत्या त्याला शिव्या द्यायची, पण मका सोलणं थांबवायची नाही.

मीरबादला घाई होती आणि घाईला कारण होतं. त्याची मुलगी मर्जाना. तिची सोयरीक सुक्या नदीपलीकडच्या सपरकै गावात, नियाज वलीशी झाली होती. नियाज शारजात ट्रक चालवायचा. लग्नाची तारीख दोनदा ठरली, दोनदा मोडली, कारण शेजारच्या खोऱ्यातून मागच्या साली एक वरात निघाली होती आणि ती पोचली नव्हती. (नंतर रेडिओवर खेद व्यक्त झाला. खेद चांगल्या प्रतीचा होता, त्याबद्दल वाद नाही.) आता नियाजची सुट्टी उन्हाळ्यापर्यंतच होती. त्याचा बाप लायक शाह निरोप पाठवून मोकळा झाला: जर्दाळूच्या दिवसांत वरात येईल ती शेवटची. तिसऱ्यांदा तारीख मोडली तर सोयरीक मोडली. पोरगा परत गेला की दोन वर्षं यायचा नाही, आणि दोन वर्षांनी कोण कुणाचं.

मर्जाना बापाशी फार बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "बाबा, माझी काळजी नको. आणखी चाळीस वर्षं थांबू. म्हातारी झाले की मी आपोआप निरपराध दिसेन."

मीरबादने वही काढली.

आठवड्याच्या आत "निरपराध दिसणे समिती, तोरकमर" स्थापन झाली. अध्यक्ष मीरबाद, सचिव मीरबाद. समितीने पहिल्यांदा आकडेवारी काढली. गावची वस्ती सहाशे अकरा. त्यात संशयास्पद वयाचे पुरुष एकशे अठ्ठेचाळीस. (संशयास्पद वय म्हणजे मिसरूड फुटल्यापासून दाढी पिकेपर्यंत. हे वय काही कामाचं नसतं, हे गावातल्या बायका आधीपासून सांगत होत्या.) मग नियम निघाले. ते मशिदीच्या भिंतीवर शिक्क्यासह लागले:

तीनपेक्षा जास्त पुरुषांनी एकत्र उभं राहू नये. तिसऱ्याने शक्यतो निघण्याच्या तयारीत असावं.

पळू नये. पळणारा गुन्हेगार असतो. एकदम थांबूही नये. थांबणारा टेहळणी करतो. बेताने चालत राहावं.

फावडं खांद्यावर घेऊ नये, वरून बंदूक दिसते. फावडं घेऊन खणू नये, वरून सुरुंग दिसतो. पाटातला गाळ हाताने काढावा.

घराबाहेर पडताना प्रत्येक पुरुषाने काखेत कोंबडी घ्यावी. कोंबडी घेऊन कुणी कुणाला मारायला जात नाही.

छपरावर विनाकारण चढू नये. सकारण चढल्यास कारण वरून दिसेल असं धरावं.

नियम लागू झाले आणि गाव सुधारलं. कोंबड्यांना तर इतका मान आला की त्या कापायच्या बंद झाल्या. अडचण आली ती जिरग्याची. जिरगा म्हणजे पंचायत. आमच्याकडे ती वर्तुळात बसते, बापजाद्यांपासून. आता वर्तुळात बसलेले अकरा दाढीवाले वरून कसे दिसत असतील, तुम्हीच सांगा. मीरबादने तोड काढली. पंचांनी पन्नास-पन्नास पावलांवर एका रांगेत बसायचं आणि एकाने दुसऱ्याच्या कानात सांगून यायचं, अर्थात बेताने चालत.

पहिला खटला साधा होता. दोन भाऊ, मधे अक्रोडाचं झाड. पहिल्या पंचाने तक्रार पुढे दिली: "अक्रोडाची फांदी भावाच्या अंगणात गेली." अकराव्या पंचापर्यंत पोचेतो ती "अक्रमची बायको भावाच्या अंगणात गेली" अशी झाली होती. अकरावा पंच तडक उठला आणि बंदूक आणायला घरी निघाला. अक्रमचं लग्नच झालेलं नव्हतं म्हणून रक्तपात टळला. अक्रमला मात्र त्या दिवसापासून, आपल्याला बायको होती आणि ती गेली, असं वाटत राहिलं. तो अजून उदास असतो.

पण खरी गाठ बसली बायकांच्या प्रश्नावर.

मीरबादचं गणित सोपं होतं. वरातीत बायका असतातच. पण त्या पडदा लावलेल्या गाडीत असतात. वरून दिसतं काय? बंद गाडी आणि भोवती पुरुष. म्हणजे बाँब. तेच बायका उघड्या ट्रॉलीत बसल्या, लाल-हिरव्या चादरी घेऊन, मांडीवर पोरं घेऊन, तर आंधळ्यालाही कळेल की वरात आहे. सपरकैहून लायक शाह बोलणी करायला आला होता. काखेत कोंबडी होतीच. त्याने हे ऐकलं आणि कोंबडी खाली सोडली.

"मीरबाद, डोकं फिरलं का तुझं? आमच्या सुना आम्ही सख्ख्या चुलतभावाला दाखवत नाही, आणि आता अमेरिकेला दाखवू?"

"लाला, जीव वाचतो." (लाला म्हणजे दादा.)

"जीव वाचून काय करू? तोंड कुठे दाखवू?"

"तोंड कोण मागतंय? नुसत्या चादरी दाखवायच्या आहेत."

"चादरीत काय असतं ते त्यांना कळत नाही होय?"

"लाला, तेच तर त्यांना कळावं म्हणून चाललंय ना सगळं!"

वाद मुल्ला रहमदिलकडे गेला. मुल्ला सज्जन माणूस. त्याला वाद आवडायचे आणि निकाल द्यायचा कंटाळा होता. त्याने दोन दिवस विचार केला. मग म्हणाला, मुद्दा पडद्याचा नाही, मुद्दा डोळ्याचा आहे. भुणभुणीला डोळा आहे. डोळ्याला पापणी नाही. पापणी नसलेला डोळा निर्लज्ज. पण बैलालाही डोळा असतो आणि बाई बैलापासून पडदा करत नाही. तेव्हा त्या डोळ्यामागे कोण बसलंय यावर सगळं आहे. यंत्र असेल तर बायकांनी खुशाल दिसावं. पुरुष असेल तर तो परपुरुष, त्याला दिसणं हराम.

"आणि बाई बसली असेल तर?" आत्याने दाराआडून विचारलं.

मुल्लाने दाढी कुरवाळली. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"बाई असेल," तो शेवटी म्हणाला, "तर मग काही हरकतच नाही. चहालाही बोलवा."

आता हे विचारायचं कुणाला? मीरबादला सव्वीस वर्षांचा अनुभव होता. त्याने अर्ज केला. 'अतिविनम्रपणे विनंती करण्यात येते की, आमच्या गावावर आपले जे यंत्र फिरते, त्यामागे बसणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, याचा खुलासा व्हावा. पाळीपाळीने बसत असल्यास स्त्रीची पाळी कोणत्या वारी असते ते कळवावे, म्हणजे लग्नाची तारीख त्याप्रमाणे धरता येईल. अर्जदार आपल्या दीर्घायुष्यासाठी दुवा करील व आपणही तशी संधी द्यावी.' खाली शिक्का. अर्ज तहसिलीतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राजधानीला, तिथून अमेरिकन वकिलातीत गेला.

अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. जाड, पांढरा कागद. गावात एवढा पांढरा कागद कुणी पाहिला नव्हता. त्यात दोनच ओळी होत्या. 'आपण उल्लेखिलेल्या यंत्राच्या अस्तित्वास हे कार्यालय दुजोरा देऊ शकत नाही, तसेच त्याचा इन्कारही करू शकत नाही. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.'

मीरबादने कागद वैतागून मुल्लापुढे टाकला. मुल्लाने मात्र तो कागद तीनदा वाचला, डोळ्याला लावला आणि त्याचा चेहरा उजळला. जुम्म्याच्या नमाजानंतर (तिघे-तिघे करून झालेल्या) त्याने निकाल दिला: "जिन आहेत, ते आपण मानतो. फरिश्ते आहेत, मानतो. पण ज्याच्या धन्यालाच ते आहे की नाही हे सांगता येत नाही, ते परपुरुष होऊ शकत नाही. पुरुष असायला आधी असावं लागतं. बायकांनी ट्रॉलीत बसावं."

"मुल्लाजी," आत्या दाराआडून म्हणाली, "जे नाहीच, ते मारतं कसं?"

"आत्या, तो प्रश्न धर्माचा नाही. तो परराष्ट्र खात्याचा आहे."

लायक शाहला हे पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. त्याने अट घातली: माझे बाराच्या बारा पुरुष मी आणणार, एकही कमी नाही. वरातीला पुरुष नसले तर लोक म्हणतील पोरगी पळवून आणली. बाराही संशयास्पद वयाचे. मीरबाद रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, "पीठ."

म्हणजे असं, की संशयाचं वय दाढी पिकली की संपतं. मग पिकवू.

वरातीच्या दिवशी सकाळी सपरकैहून ट्रॅक्टर आला. मागे उघडी ट्रॉली, ट्रॉलीत सतरा बायका, नऊ पोरं, आणि एक आजारी शेळी (समितीच्या आग्रहावरून). ट्रॉलीमागे शंभर-शंभर पावलांवर तीन-तीन म्हातारे. बारा म्हातारे, सगळे कमरेत वाकलेले, सगळ्यांच्या दाढ्या पांढऱ्याफेक, सगळ्यांच्या काखेत कोंबडी. (नवरदेव आमच्याकडे वरातीत येत नाही, घरी वाट बघतो.) ढोल नाही. ढोलवाला ढोल गोधडीत गुंडाळून पाठीवर बाळासारखा घेऊन चालला होता आणि सवयीने त्याला थोपटत होता. हवेत बंदुका उडवण्याऐवजी तोंडाने हळूच "ठो" म्हणायचं ठरलं होतं. लायक शाहने एकदा म्हटलं. नंतर त्यालाच लाज वाटली.

ऊन वाढलं. घाम आला. पिठाचं जे व्हायचं ते झालं.

"काका, तुमची दाढी फुगली."

"गप. तुझी भाजत आलीये."

मर्जानाला ट्रॉलीत बसवलं. आमच्याकडे बाप पोरीच्या वरातीबरोबर जात नाही. दारातून निरोप देतो आणि आत जातो. मीरबाद आत गेला. पण त्याच्याने राहवलं नाही. सुक्या नदीपर्यंतचा रस्ता फक्त छपरावरून दिसतो. तो छपरावर चढला. हातात नियमांची वही होती, ती तशीच राहिली.

ट्रॉली गावाबाहेर पडली आणि भुणभुण आली.

आधी लांबून. मग डोक्यावर. मीरबादने वरातीकडे बघितलं. सगळं नियमाबरहुकूम होतं. म्हातारे वाकले होते, कोंबड्या होत्या, पोरं रडत होती, शेळी आजारी दिसत होती. वरातीवर भुणभुणी एक फेरी मारून पुढे गेली. मग वळली. आणि तोरकमरवर, मीरबादच्या घरावर, घिरट्या घालायला लागली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. अख्ख्या मुलखात त्या वेळी एकच संशयास्पद माणूस होता. छपरावर उभा. एकटा. रस्त्याकडे डोळे लावलेला. हातात काहीतरी काळं, चौकोनी.

उतरायला जावं तर तो पळणं. खाली बसावं तर तो लपणं. उभं राहावं तर टेहळणी. मीरबादने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची वही उघडून बघितली, की यावर नियम काय आहे. वही उघडणारा माणूस वरून कसा दिसतो, याचाही नियम त्यात नव्हता.

"आत्या!" तो तोंड न हलवता ओरडला.

आत्या अंगणात होती. तिने वर बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिने एकही शिवी दिली नाही, म्हणजे प्रसंग किती वाईट होता बघा. धुवून ठेवलेल्या जर्दाळूंची पाटी तिने डोक्यावर घेतली आणि शिडी चढून वर आली. पाटी त्याच्यापुढे आदळली.

"बस. आणि वाळत घाल."

"हे बायकांचं काम..."

"म्हणूनच. एकेक. सुटं सुटं. हसत."

"हसू कशाला? वरून हसू दिसतं?"

"काय काय दिसतं ते तूच भिंतीवर लिहिलंस ना? हस."

मीरबाद बसला. जर्दाळू एकेक करून मांडू लागला. आत्या समोर बसली आणि बिया काढू लागली. भुणभुण डोक्यावर. त्याच्या पाठीमागे, नदीच्या पात्राकडे, ट्रॅक्टरचा आवाज लहान लहान होत चालला होता. पोर चालली होती. मान वळवली असती तर ट्रॉली दिसली असती, लाल चादर दिसली असती. पण रस्त्याकडे बघायचं नव्हतं.

"दिसतेय का गं?" त्याने खाली मान घालून विचारलं.

"हो."

"काय करतेय?"

आत्याला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. वीस वर्षं झाली दिसत नव्हतं. "मागे बघतेय," ती म्हणाली. "तुझ्याकडे."

मीरबादने दोनशे चौदा जर्दाळू मांडले. रांगा सरळ होत्या. डोळ्यातलं पाणी पुसायला त्याने हात वर नेला नाही, कारण हात वर नेणं हा इशारा धरतात. चौदा-पंधरा मिनिटांनी भुणभुणी गेली. कुठे गेली, कुणाकडे गेली, ते तोरकमरला माहीत नाही आणि त्या दिवशी कुणाला माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

दुपारी सपरकैचा निरोप आला. वरात पोचली. पोरगी सुखरूप. जेवलीसुद्धा. बाराही पुरुषांच्या दाढ्या कोमट पाण्याने सोडवायचं काम चालू आहे.

काही झालं नाही.

आता खरं सांगा, जरा चुकल्यासारखं वाटलं ना? तुम्ही मघापासून गार सावलीत बसून वरून बघताय. ट्रॉली निघाली तेव्हा तुम्हीही श्वास धरला होता, आणि तो पोरगी पोचावी एवढ्याचसाठी धरला होता, असं मी तरी शपथेवर सांगणार नाही. असो. तुमचा कुणावर राग नव्हता, हे मला माहीत आहे.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. या सगळ्यांत एकाचं नाव त्या गार खोलीतल्या मारायच्या यादीत होतं. खरोखरच होतं. कुणाचं, ते मी सांगणार नाही.

आणि एवढं वाचेपर्यंत तुम्ही लायक शाहला उभं करून बघितलं, त्या अकराव्या पंचाला बघितलं, ढोलवाल्याच्या गोधडीत डोकावून आलात, आणि कुणावर तरी थांबलात. बास. तिकडच्या खोलीतही याहून जास्त काही करत नाहीत.